एकेचाळिसावी जागा

प्रभंजन कारखानिसांच्या कानाबद्दल पुण्यातल्या गाणंबजावणं करणाऱ्या मंडळींत बऱ्याच गोष्टी सांगितल्या जात. एकदा म्हणे भर मैफलीत ते शेजारच्याला म्हणाले, "दुसऱ्या तानपुऱ्याची खर्जाची तार आज सकाळीच बदललेली आहे." मध्यंतरात चौकशी केली तर ते खरं निघालं. कारखानीस स्वतः या गोष्टी कधी सांगत नसत, पण दुसरं कोणी सांगू लागलं तर त्याला थांबवतही नसत.

एकाहत्तराव्या वर्षी, २०४३च्या जानेवारीत, त्यांच्याकडे आयुष्यातला सगळ्यात मोठा निवाडा आला. जागतिक ध्वनिवारसा परिषद शंभर ध्वनिमुद्रणं कायमची जतन करण्यासाठी निवडत होती. त्यांत 'पुणे रेकॉर्डिंग'चं नाव पुढे आलं होतं. तीन परीक्षक नेमले होते आणि त्यांतले प्रमुख कारखानीस होते.

पुणे रेकॉर्डिंग म्हणजे १९९६च्या डिसेंबरातला एक कार्यक्रम. राइशेनबाख नावाच्या जर्मन संगीतकाराची दोनशे वर्षांपूर्वीची सिंफनी. पहिले तीन भाग नुसत्या वाद्यांचे असतात. चौथ्यात मागे इतका वेळ गप्प उभा असलेला गायकवृंद एकदम गाऊ लागतो : 'उंबऱ्याशी कोणी थांबू नका. ज्याच्यापाशी नुसता श्वास आहे, त्याने श्वास घेऊन यावे.' लष्कर भागातल्या एका जुन्या सभागृहात बेनेदितो लोबो या गोव्याच्या संचालकाने ती बसवली होती. गाणारे अठ्ठ्याऐंशी जण सगळे हौशी : परिचारिका, बँकेतले कारकून, खडकीच्या कारखान्यातले कामगार, शाळामास्तर. आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञाने चार मायक्रोफोन टांगून ते टिपलं. पुढे ती टेप युरोपात गेली आणि तिथल्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली.

टेपचं नाव व्हायला आणखी एक कारण होतं, चोवीस वर्षांच्या प्रभंजन कारखानिसाने लिहिलेलं परीक्षण. 'अठ्ठ्याऐंशी कंठ आणि त्यांत एकही मुका नाही,' हे त्यातलं वाक्य सेहेचाळीस वर्षं सगळे जण उद्धृत करत आले होते.

आणि त्या अठ्ठ्याऐंशीत एस्तर होती. नगरची एस्तर साळवे, ससूनमधली परिचारिका. परीक्षण वाचून ती वर्तमानपत्राच्या कचेरीत कारखानिसांना भेटायला आली, आणि दीड वर्षाने दोन्ही घरांचा विरोध पत्करून दोघांनी लग्न केलं. एकेचाळीस वर्षांचा संसार करून एस्तर चार वर्षांपूर्वी गेली. लग्नानंतर ती कधी गायली नाही. ड्यूटी, मग मुलगी, मग सासूबाईंचं आजारपण. राहून गेलं, असं कारखानीस म्हणत. म्हणून त्यांच्या लेखी तिचा आवाज उरला होता तो या टेपमध्येच. दर डिसेंबरात ते चौथा भाग लावून बसत आणि डावीकडून येणाऱ्या बायकांच्या घोळक्यात त्यांना ती नेमकी ऐकू येई.

*

पाषाणच्या प्रयोगशाळेत डॉ. हुमेरा तांबोळी त्यांची वाट पाहत होती. ही साताऱ्याची मुलगी ध्वनिशास्त्रज्ञ. 'पृथक' नावाचं यंत्र तिच्या गटाने बनवलं होतं आणि परिषदेने निवाड्यासाठी ते सक्तीचं केलं होतं.

"सर, सोपं आहे," ती म्हणाली. "एका सेकंदाच्या हजाराव्या भागात आवाज साधारण फूटभर पुढे जातो. म्हणजे रंगमंचावरच्या प्रत्येकाचा आवाज चारही मायक्रोफोनला वेगवेगळ्या क्षणी पोचतो. शिवाय तो भिंतींवर, छतावर आपटून परत येतो, ते वेगळंच. सभागृह अजून उभं आहे, ते आम्ही लेसरने इंचन् इंच मोजलं. आता पृथकला माहीत आहे, की तिसऱ्या रांगेतला अमुक माणूस 'आ' म्हणाला तर त्याचा पडसाद कसा उठेल. बाजूच्या माणसाचा तसाच्या तसा उठत नाही. अंगठ्याच्या ठशासारखं."

"म्हणजे एकेक माणूस सुटा करता येतो?"

"अठ्ठ्याऐंशी गायक, एकसष्ट वादक आणि प्रेक्षकांतले खोकणारे." ती हसली. "कोण किती सुरात होता तेही कळतं. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यांतल्या दोन-तीन भागांचा फरकही पकडतं."

तीन दिवस दोघांनी नियमाने काम केलं. व्हायोलिनं, तुताऱ्या, मग पुरुषांचे आवाज. चौथ्या दिवशी दुपारी चहा पिता पिता कारखानीस जरा संकोचून म्हणाले, "एक खाजगी काम आहे. तिसरी रांग, एकेचाळिसावी जागा. आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतल्या बायका. माझी बायको आहे ती. तिचा एकटीचा आवाज... तिचं गाणं घरात कुठेच नाही."

हुमेराने काही न विचारता जागा शोधली, हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले आणि खुर्ची फिरवून दुसरीकडे पाहत बसली.

कारखानिसांनी डोळे मिटले. साडीची सळसळ ऐकू आली. कोणीतरी पायावरचा भार बदलला. मग श्वास. खोल, तयारीचा, बरोबर गाणं सुरू होण्याच्या आधीचा. आणि त्यानंतर काहीच नाही. चार मात्रांनी पुन्हा श्वास. पुन्हा काही नाही. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, आणि प्रत्येक ठिकाणी जिथे श्वास घ्यायला हवा तिथे ती घेत होती आणि नुसताच सोडत होती.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

हुमेराने तपासलं. बेचाळीस नंबर लावला. बाईचा खणखणीत आवाज आला. चाळीस लावला, आला. मग तिने अठ्ठ्याऐंशी जागांचा तक्ता पडद्यावर घेतला. अकरा चौकटी राखाडी होत्या.

"सर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "अकरा जण गायलेलेच नाहीत. फक्त श्वास आहेत."

*

एस्तरच्या शेजारी, बेचाळिसाव्या जागेवर, हन्ना बोर्डे उभी होती. दोघी ससूनमध्ये एकाच वॉर्डात होत्या. हन्नाबाई आता पंचाहत्तर वर्षांच्या, वानवडीत एकट्या राहत होत्या. कारखानीस दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या दारात उभे राहिले.

"या भाऊजी. एस्तर गेली ती तुमची पायधूळच बंद झाली," त्यांनी खुर्ची पुढे केली. पण कशासाठी आलो ते कारखानिसांनी सांगताच त्या गुडघे चोळत बसल्या.

"यंत्राने काढलं म्हणता. बरं झालं. मी तरी किती दिवस पोटात ठेवायचं?" त्या म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी लोबो मास्तरांनी अकरा जणांना बाजूला बोलावलं. म्हणाले, उभं राहायचं, तोंड हलवायचं, श्वास घ्यायचा, आवाज काढायचा नाही. पत्रिकेत अठ्ठ्याऐंशी छापलेत, अठ्ठ्याऐंशीच दिसले पाहिजेत."

"आणि एस्तर तयार झाली?"

"तिचे वडील नगरहून यायचे होते. चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसले होते, माझी लेक गाणार आहे. काय सांगायचं त्यांना? ते आले, दुसऱ्या रांगेत बसले. परत गेल्यावर लोकांना म्हणाले, मला तिचा आवाज वेगळा ऐकू आला."

कारखानिसांनी मान खाली घातली.

"पण मास्तरांनी तिलाच का निवडलं?"

हन्नाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "भाऊजी, तुम्हाला खरंच आठवत नाही, का आठवायचं नाही?"

"काय?"

"रंगीत तालीम. मास्तर म्हणाले, हा पोरगा पेपरात लिहितो, याचा कान मोठा तयार आहे. तुम्ही डोळे मिटून एकेका रांगेपुढून चालत गेलात. हातात जागांचा कागद आणि पेन्सिल. थांबायचात, फुली मारायचात. मोजून अकरा फुल्या. तो कागद मास्तरांनी आमच्यासमोर धरला होता."

कारखानिसांना आठवलं. आठवलं म्हणजे विसरलं कधीच नव्हतं. त्या संध्याकाळचा अभिमान त्यांनी कित्येक वर्षं मनात जपला होता. लोबोसारख्या माणसाने आपला सल्ला घेतला! फुल्या मारलेल्यांचं पुढे काय झालं, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. मास्तरांनी त्यांना वेगळं बसवून तयार केलं असेल, असं त्यांनी धरून टाकलं. चेहरे त्यांनी पाहिलेच नव्हते. डोळे मिटलेले होते, उघडले ते कागदावर फुली मारण्यापुरते.

"तुमचं ते परीक्षण आलं, एकही मुका नाही म्हणणारं," हन्नाबाई पुढे म्हणाल्या, "तेव्हा ती तुमच्या कचेरीत आली ती तुम्हाला जाब विचारायला. मीच तिला पाठवलं होतं. परत आली तर म्हणाली, तो तासभर सिंफनीबद्दल बोलत होता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, मला मध्ये बोलवेना."

घरात मुलीला ही गोष्ट वेगळी सांगितली जाई. आई बाबांचे आभार मानायला गेली होती, अशी. कारखानीसच सांगत. एस्तर ऐकत असे आणि पानं वाढत असे.

"मी मात्र वाचले," निरोप देताना हन्नाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ताठ झाला. "माझ्या नावावर फुली नव्हती. देवाने गळा बरा दिला होता. म्हातारपणी तेवढंच आहे सांगायला."

*

रंगीत तालमीचीही टेप होती. त्याच चार मायक्रोफोनवर, त्याच जागांवरून. ती पृथकमध्ये घाला, असं कारखानिसांनी सांगितलं तेव्हा हुमेरा म्हणाली, "निवाड्यासाठी लागत नाही ती, सर."

"मला लागते."

एकेचाळिसावी जागा. तोच श्वास. आणि या वेळी श्वासामागून आवाज आला.

साधा आवाज होता. मोठा नव्हता. नगरच्या चर्चमध्ये पेटीबरोबर गाऊन घडलेला, किंचित नाकातला, शब्द स्वच्छ उच्चारणारा. जर्मन शब्द ती मराठी धाटणीने म्हणत होती. चाळीस सेकंदांनंतर कारखानिसांनी हेडफोन न काढताच विचारलं, "किती?"

"तीन," हुमेरा म्हणाली. "शंभरात तीन भागांचा फरक. हिच्याइतकं सुरात त्या रांगेत कोणीच नाही."

"आणि बेचाळीस?"

हुमेराने आकडा पाहिला. "एकतीस भाग खाली. सतत."

पुढे तिने पडद्यावर रेषा काढून दाखवलं. तिसऱ्या रांगेच्या टोकाला लाकडी खांब होता. बेचाळिसाव्या जागेवरचा आवाज त्यावर आपटून अशा कोनात परते, की समोर उभ्या असलेल्या माणसाला तो एका जागेने अलीकडून आल्यासारखा वाटे. कणसूर होती ती हन्ना. फुली पडली एस्तरवर.

"कोणाचाही कान फसला असता, सर."

"मी कोणीही नव्हतो," कारखानीस म्हणाले. "म्हणून तर मला फिरवलं."

बाकीच्या दहा फुल्या त्यांनी एकेक करून तपासून घेतल्या. दहाही बरोबर होत्या. चूक एकच होती.

मग त्यांनी एक विनंती केली. एस्तरचा तालमीतला आवाज मूळ कार्यक्रमात तिच्या जागी बसवून ऐकवायचा. पृथकला ते अवघड नव्हतं. हुमेराने दोन तुकडे तयार केले, एक मुळातला आणि एक एस्तर घातलेला, आणि कोणता कोणता ते न सांगता लावले. कारखानिसांनी सहा वेळा ऐकलं. सहाही वेळा उत्तर दिलं. तीन बरोबर आली, तीन चुकली.

नाणं उडवून निर्णय घेतला असता तरी इतकीच बरोबर आली असती. दर डिसेंबरात त्यांना जी नेमकी ऐकू यायची, ती कोण होती?

*

मुलगी नीरजा कोथरुडात राहायची, मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. लहानपणी तिला गाण्याची हौस होती. आठव्या वर्षी गणपतीत गाताना बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "षड्ज सोडलास," आणि तेव्हापासून तिने गायला तोंड उघडलं नाही. रविवारी ती आली तेव्हा कारखानिसांनी तिला सगळं सांगितलं. ती चकित होईल, रडेल, निदान ओरडेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आईने दवाखान्यात सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात."

"तिला माहीत होतं, की ती सुरात होती?"

"बाबा, गाणाऱ्याला आपला सूर कळत नाही का? तिला पहिल्यापासून माहीत होतं, की चूक तुमची आहे."

"मग एकेचाळीस वर्षांत एकदा तरी बोलायचं! मी माफी मागितली असती."

"मी तेच म्हटलं तिला. ती म्हणाली, 'त्यांना सांगू नकोस. त्यांच्याकडे कानाशिवाय दुसरं आहे काय?'"

कारखानीस खुर्चीच्या हाताला धरून बसून राहिले. तिने आपल्याला माफ केलं असेल, इतपत धीर त्यांनी मनाशी बांधला होता. एकेचाळीस वर्षं आपली कीव केली जात होती, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणून गायली नाही ती? घरात तरी?"

"तुमच्या घरात?" नीरजा म्हणाली, आणि कप विसळायला आत गेली.

*

परीक्षकांची बैठक फेब्रुवारीत झाली. व्हिएन्नाच्या बाई आणि केपटाउनचे गृहस्थ समोरच्या पडद्यावर होते. ज्याच्या त्याच्या भाषेत बोलणं ऐकू येत होतं. कारखानिसांनी आपलं मत लिहून आणलं होतं, ते त्यांनी वाचलं : रेकॉर्डिंग अठ्ठ्याऐंशी जणांचं नाही, सत्त्याहत्तर जणांचं आहे. अकरा जणांना गप्प बसवलं गेलं आणि ते काम माझ्या सांगण्यावरून झालं. त्यांतली एक सुरात होती. माझं १९९६चं परीक्षण खोटं आहे. ते कागदपत्रांतून काढावं आणि हा निवाडा झाल्यावर मला परीक्षकपदावरून मुक्त करावं.



"पण श्री. कारखानीस," व्हिएन्नाच्या बाई सावकाश म्हणाल्या, "संगीत म्हणून पाहिलं तर तुमची निवड योग्यच होती. तालमीतले ते अकरा आवाज पृथकने घालून केलेली प्रत आम्ही ऐकली. ती गढूळ आहे. हे रेकॉर्डिंग मोठं झालं ते त्या अकरा फुल्यांमुळे."

 कारखानिसांनीही ती प्रत ऐकली होती. बाई खरं बोलत होत्या.

"आणि ही हकीकत!" केपटाउनचे गृहस्थ भारावून पुढे झुकले. "पत्नी मूक उभी, पती अनभिज्ञ. रेकॉर्डिंगच्या इतिहासात असं काही नाही. ही कथा सोबत असलीच पाहिजे. लोक आता त्या शांततेसाठी ऐकतील."

दोन विरुद्ध एक मतांनी पुणे रेकॉर्डिंग शंभरांच्या यादीत गेलं. कारखानिसांचं कबुलीपत्र परिषदेने सुंदर अक्षरांत, पंधरा भाषांत, एस्तरच्या तरुणपणीच्या फोटोसह प्रसिद्ध केलं. महिन्याभरात ते लाखो लोकांनी वाचलं. अनोळखी माणसं पत्रं लिहू लागली : केवढं हे प्रेम, केवढा हा प्रामाणिकपणा. एका मुलीने लिहिलं, की आपल्या लग्नात ती हाच चौथा भाग वाजवणार आहे.

बेचाळिसाव्या जागेचा आकडा तेवढा कारखानिसांनी निवाड्याच्या जोडपत्रातून काढायला लावला होता. हन्नाबाईंचा फोन आला, "भाऊजी, माझंही नाव आलंय बरं का त्यात, गाणाऱ्यांच्या यादीत." ते म्हणाले, "हो. अभिनंदन." त्यांच्या आयुष्यातलं दुसरं खोटं परीक्षण ते, आणि पहिल्यासारखं ते नकळत लिहिलेलं नव्हतं.

*

एप्रिलमध्ये हुमेराने त्यांना शेवटचं बोलावलं. टेबलावर एक अर्ज होता.

"कायद्याचं काम आहे, सर. पृथकने सुटा केलेला आवाज हा आता त्या माणसाचा अवशेष धरतात, अस्थींसारखा. तो आम्हाला ठेवता येत नाही. मृत व्यक्तीच्या एकाच वारसाला एकच प्रत द्यायची आणि इथली पुसून टाकायची. बहुतेक जण जोडीदाराचं नाव घालतात." तिने पेन पुढे केलं. "तालमीतली पूर्ण चौदा मिनिटं आहेत. तुम्ही चाळीस सेकंदच ऐकलीत."

कारखानिसांनी पेन हातात घेतलं. चौदा मिनिटं. आयुष्याची जी काही वर्षं उरली होती त्यांत त्यांना दुसरं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, थांबले, ते खोडलं, आणि चौकटीत लिहिलं : नीरजा प्रभंजन कारखानीस.

"पुसण्याआधी एकदा ऐकणार, सर?"

"नको," ते म्हणाले. "मी ऐकेन म्हणजे तपासेन."

त्या प्रतीची डबी त्यांनी त्याच संध्याकाळी कोथरुडला नेऊन दिली. नीरजाने डबी उघडून पाहिली, काय आहे ते तिला समजलं. तिने त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं आणि हेडफोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

कारखानीस बाहेर बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कुणी फर्निचर सरकवत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंधराव्या मिनिटाला दार उघडेल असं त्यांना वाटलं, पण उघडलं नाही. ती पुन्हा पहिल्यापासून ऐकत असावी.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. डोळे लाल झाले होते. चेहरा मात्र त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. कारखानीस उठून उभे राहिले.

"कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

नीरजाने डबी बंद केली आणि मुठीत धरली.

"ते मी तुम्हाला सांगणार नाही, बाबा," ती म्हणाली, आणि दिवा लावायला वळली.